बाबांचा कॅमेरा

बाबा गेल्यानंतर त्यांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन कपाटातून काढताना माझ्या हातून निसटला. वरच्या चंदेरी झाकणाला चांगलाच पोचा पडला. जीव हळहळला. दुरुस्ती करणारे काका म्हणाले, "जीटीएन म्हणजे हाच कॅमेरा, फक्त काळा. दोन्ही १९७३ साली आले. एखादा बंद पडलेला मिळाला, तर त्याचं झाकण याला चपखल बसेल."

मिळाला! काकांनी झाकण बदललं आणि तळाचा पत्राही बदलायला घेतला. मी घाईघाईने त्यांना थांबवलं. त्या पत्र्यावर बाबांनी टोकदार खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं.

आता कॅमेरा वरून काळा, खालून चंदेरी. बघणारे हसतात. मी मात्र तो हातात घेतला, की बोटं आधी तळाकडे जातात.