आरंभींचें शून्य

सन १९५७ पूर्वीं छापलेलीं मराठी पुस्तकें ज्यांच्या कपाटांत अद्याप असतील, त्यांनीं मलपृष्ठावरील ‘किंमत १॥ रुपया’ ही ओळ घरांतील एखाद्या शाळकरी मुलास वाचावयास द्यावी. तें मूल बहुधा छापखान्याची चूक झाली असें म्हणेल. एका उभ्या रेघेनें पाव, दोहोंनीं अर्धा आणि तिहींनीं पाऊण, हा संकेत आमच्या आजोबांच्या पिढीच्या इतका अंगवळणीं पडलेला होता, कीं तो कोणास समजावून द्यावा असें त्यांच्या मनांतहि कधीं आलें नाहीं. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं. संकेत जाणणारीं माणसें हळूहळू गेलीं. रेघा तेवढ्या उरल्या.

संगणकास आज्ञा देण्याच्या ज्या भाषा हल्लीं मुलें शिकतात, त्यांत संख्या लिहिण्याची जी तऱ्हा आहे ती पाहून आम्हांस या रेघांची आठवण झाली. तसें पाहण्याचा प्रसंग दीपनगरीं आला. भुसावळजवळच्या औष्णिक विद्युत् केंद्राची ही वसाहत. आमचे बंधु तेथें नोकरीस आहेत, आणि त्यांची कन्या महाविद्यालयांत ‘सी’ नांवाची भाषा शिकते. घरच्या मीटरचे बारा महिन्यांचे युनिट तिनें एका आज्ञावलींत मांडले होते. खानदेशच्या उन्हाळ्यांत कूलर रात्रंदिवस चालतो, म्हणून वैशाखाकडचे आंकडे तीन अंकी. थंडींतल्या तीन महिन्यांचे मात्र दोन अंकी, ६४, ५७ आणि ७५. रकाना सरळ दिसावा म्हणून तिनें या तिहींच्या डावीकडे एकेक शून्य घातलें. यंत्रानें तक्रार न करितां बेरीज दिली, आणि ती बरोबर ३६ युनिटांनीं कमी आली. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो असा!

तिनें कागदावर तीन वेळां बेरीज केली. “काका, तुम्हीच बघा, यंत्राला बेरीज येत नाहीं कीं मला?” असें तिनें विचारलें तें थट्टेनें नव्हे. गणित आपल्या डोक्याचें नाहीं, विषय बदलून घ्यावा, इथपर्यंत तिचा विचार गेलेला होता. ज्या मुलीस पाढे कधीं चुकत नाहींत तिनें स्वतःच्या बुद्धीवर असा संशय घ्यावा, याचें आम्हांस वाईट वाटलें.

कारण शोधूं गेल्यास लहानसें आहे. या भाषेंत संख्येच्या आरंभीं शून्य आलें कीं ती संख्या दशमान राहत नाहीं, अष्टमान होते. आपलीं स्थानें एकं, दहं, शतं. तिचीं एक, आठ, चौसष्ट. त्यामुळें ०६४ म्हणजे सहा आठें अट्ठेचाळीस आणि चार, मिळून ५२. ०५७ म्हणजे ४७. आणि ०७५ म्हणजे ६१. बारा, दहा आणि चौदा, असे छत्तीस युनिट गेले. या तीन आंकड्यांत एखादा आठ किंवा नऊ असता तर यंत्रानें तत्काळ हरकत घेतली असती, कारण अष्टमान पद्धतींत ते अंकच नाहींत. तो नव्हता, म्हणून चूक मुकाट्यानें आंत शिरली.

असा विचित्र नियम कोणीं कां केला? ‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार केली. तिच्या आधींची ‘बी’ ही केन थॉम्पसन यांची, आणि त्यांचें पहिलें यंत्र पीडीपी-७ हें होतें. त्या यंत्राचा एकेक शब्द शून्य आणि एक अशा अठरा अंकांचा असे. अठरांचे तीन-तीनांचे सहा गट पडतात, आणि तिहींच्या गटांतून शून्यापासून सातापर्यंतच्याच संख्या निघतात. तेव्हां अष्टमान लेखन त्या मंडळींस सोईचें होतें. आपसांत कळलें म्हणजे झालें, या हिशेबानें त्यांनीं एका शून्याची खूण ठेविली. व्यापाऱ्याच्या चोपडींतील रेघेसारखीच ती खूण.

दुसरी खूण शून्यामागून एक्स हें अक्षर लिहिण्याची. ती षोडशमान संख्येची. तेथें दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांस ए ते एफ हीं अक्षरें घेतात. तरुणांस ही अवघड वाटते, पण ज्यांनीं आण्यांचे हिशेब केले त्यांस मुळींच वाटूं नये. सोळा आणे झाले कीं हातचा रुपया. उजवीकडचें घर आण्यांचें, डावीकडचें रुपयांचें. ‘एफ एफ’ म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, अर्थात् २५५ आणे. मात्र तेंच एफ ‘१.५एफ’ असें दशांश अपूर्णांकाच्या शेवटीं आलें, तर तो अंक नसून ती संख्या यंत्रानें किती जागेंत ठेवावी याची सूचना असते. एका अक्षराचे असे दोन अर्थ होतात, याचा राग येतो खरा. परंतु आपल्या ज्योतिषग्रंथांत तरी काय आहे? तेथें नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. समुद्र बहुधा चार, पण क्वचित् सातहि. शिवाय हे शब्द उजवीकडून डावीकडे मांडावयाचे! भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक असाच सांगितला आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य आणि मही एक. उलट मांडिलें म्हणजे शके १०३६, अर्थात् इसवी सन १११४.

भास्कराचार्यांचें नांव खानदेशांत घेण्यास आणखी एक कारण आहे. चाळीसगांवजवळ पाटण येथें शके ११२८ चा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापिला, त्याचा तो लेख. मठ काढून शिकवावे लागावें इतके ते ग्रंथ कठीण होतेच. परंतु ‘लीलावती’ उघडून पाहावी, तर आरंभीं गणित नाहीं, परिभाषा आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, असें करीत नाणीं, वजनें, मापें आधीं सांगितलीं आहेत. मग एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें. आणि त्यानंतर बेरीज. आमच्या पुतणीच्या पाठ्यपुस्तकांत शून्याचा नियम होता, पण तो एका कोष्टकाच्या तळटीपेंत.

कांहीं भाषांनीं हें सुधारलें आहे. ‘पायथन’च्या २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आरंभीं शून्य घालून ६४ लिहिल्यास यंत्र तें घेतच नाहीं, अष्टमान हवें असेल तर शून्यामागून ओ अक्षर घालावें लागतें. ‘सी’मध्यें जुना नियम चालूच आहे. तो मोडला तर आजवर लिहिलेल्या आज्ञावल्या एका रात्रींत निराळे आंकडे दाखवूं लागतील, ही अडचण खरी आहे.

पुतणीनें तिन्ही शून्यें काढून तेथें मोकळी जागा सोडली. रकाना सरळ राहिला आणि बेरीज मीटरशीं जुळली. दोन तिरक्या रेघांपुढें लिहिलेला मजकूर यंत्र वाचीत नाहीं, तो माणसांसाठींच असतो. तशा दोन रेघा ओढून आज्ञावलीच्या अगदीं वर तिनें मराठींत लिहिलें आहे: खालील सर्व आंकडे दशमान आहेत, डावीकडे शून्य घालूं नये.