भाट्याची वाळू आणि टेबलावरचं स्टिअरिंग

परवा संध्याकाळी भाट्याच्या वाळूत एक जीपवाला गाडी गरागरा फिरवत होता. चालायला आलेली माणसं पोरं उचलून बाजूला पळाली. माझा सतरा वर्षांचा मुलगा मात्र डोळे मोठे करून बघत होता. तेव्हाच पोटात गोळा आला.

घरी येऊन ओरडलो नाही. टेबलाला गेमचं स्टिअरिंग लावलेलं आहेच. म्हटलं, "इथे फिरव." पठ्ठ्याने पाचशे हॉर्सपॉवरची गाडी निवडली आणि पहिल्याच वळणावर भिंतीत!

मी बरीच वर्षं ओम्नी चालवली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. रिकामी ओम्नी पावसात निवळी घाटात शेपूट कशी सोडते ते मला विचारा. म्हणून सांगितलं, मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, कमी ताकदीची गाडी घे. त्याला कार्टूनमधली टोयोटा एटी-सिक्स हवी होती. मी १९८९ची माझदा एमएक्स-५ घ्यायला लावली. सुमारे ११५ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

तरी फिरकी घेतच होती. कारण स्टिअरिंग आवळून धरायचा. शेपूट सुटली की हात सैल सोडायचे, स्टिअरिंग आपसूक उलटं फिरतं, ते नेमकं पकडायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही. आठ दिवसांनी, काल रात्री, एक अख्खा गोल निघाला.

"बाबा, जवळपास ट्रॅक कुठाय पण?" हे त्याचं म्हणणं खरंच आहे. तोवर वाळूत गाडी घालायची खाज असलेल्यांनी रविवारी आमच्याकडे या. स्टिअरिंग दुपारी रिकामं असतं.