बिनपावतीचं काम

राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी असताना मी कामाचं माप फोटोंवरून काढायचो. घमेली घेऊन रांगेत उभी असलेली पोरं, मागे बॅनर, बाजूला सरपंच. असा फोटो मिळाला की शिबिर यशस्वी. ही सवय मला कुणी लावली नव्हती, मीच लावून घेतली होती.

पैशांचं गणित आधी सांगतो. त्या काळी सात दिवसांच्या निवासी शिबिराला स्वयंसेवकामागे ४५० रुपये मिळत. म्हणजे माणशी दिवसाला चौसष्ट रुपये, आणि त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, जाणं-येणं, अवजारं, सगळं. पन्नास पोरांच्या शिबिराला साडेबावीस हजार. एवढ्या पैशांत काटकसर करावीच लागते; पण मी काटकसर कुठे केली? डाळ पातळ केली आणि टी-शर्ट छापले. टोप्याही. पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ तर ठरलेलंच.

आमचं दत्तक गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. तिथे वनराई बंधारा बांधायचा असं मी ठरवलं. 'मी' म्हणतोय, कारण पोरांना विचारलं नव्हतं आणि गावालाही नाही. या बंधाऱ्याला खर्च जवळजवळ नसतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडं शिवायची आणि ओढ्यात सांधे चुकवत थर रचायचे. अट एकच: पावसाळा सरल्यावर ओढा वाहता असतानाच तो घालावा लागतो. ते वाहतं पाणी अडलं तर आसपासच्या विहिरींना थोडा आधार मिळतो, रब्बीला एखादं पाणी वाढतं. शिबिराची तारीख मात्र मी परीक्षेचं वेळापत्रक बघून जानेवारीत धरली. ओढा कोरडा ठणठणीत. पोरांनी हाताला फोड येईस्तोवर गोण्या भरल्या. काठावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "सर, आता वढ्यात अडवायचं काय? दिवाळीच्या आधी यायला पायजे हुतं." मी हसून वेळ मारून नेली. बंधाऱ्याचा फोटो स्थानिक दैनिकात आला. त्यात पाणी नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तरी कुणी बोललं नाही.

याच शिबिरात दुसऱ्या वर्षाची, कला शाखेची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. घरोघरच्या पाहणीत तिला आणि तिच्या मैत्रिणींना बरेच म्हातारे आणि विधवा बाया अशा आढळल्या, की श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेत बसत होत्या, पण अर्जच केलेला नव्हता. तेव्हा महिन्याला सहाशे रुपये मिळत. अडत होतं ते कागदांपाशी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा, वयाचा पुरावा शोधायचा, रेशनकार्डाची झेरॉक्स, फोटो. तालुक्याला एक खेप म्हणजे त्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. मुलीने माझ्याकडे भाड्याचे, झेरॉक्सचे आणि फोटोंचे पैसे मागितले. सगळं मिळून आमच्या टी-शर्टांच्या बिलापेक्षा कमीच भरलं असतं. मी विचारलं, "याच्या पावत्या कोण देणार? आणि अहवालात काय लिहायचं?" त्याऐवजी तिच्या गटाला व्यसनमुक्तीच्या पथनाट्याला जुंपलं.

शिबिर संपल्यावर त्या मुलींनी आपसांत वर्गणी काढून ते काम केलं. सगळे अर्ज मंजूर झाले नाहीत, पण काहींची पेन्शन सुरू झाली. मला हे कळलं तेव्हा मी काय केलं? वार्षिक अहवालात 'आमच्या युनिटचा उपक्रम' म्हणून छापलं. त्या मुलींना एसटीचं भाडंसुद्धा दिलं नाही. बंधाऱ्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो. पैसे मुलांच्या समितीकडे सोपवले आणि मोठेपणाने म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा." त्यांनी कामं चांगली निवडली, पण कच्च्या पावत्या, काही हरवलेल्या, काहींवर तारीखच नाही. लेखापरीक्षणात खर्च नामंजूर झाला आणि तो मी भरला. हिशोब कसा ठेवायचा हे त्यांना शिकवायला एक दुपार पुरली असती. ती मी दिली नव्हती, त्यामुळे दोष त्यांच्यावर ढकलायची सोय नव्हती.

आता निवृत्त झालोय. नव्याने जबाबदारी घेणारे सहकारी कधीमधी सल्ला विचारतात, त्यांना इतकंच सांगतो: शिबिर जानेवारीतच घ्यावं लागणार असेल तर बंधाऱ्याचं नाव काढू नका, त्यासाठी ऑक्टोबरातले दोन रविवार वेगळे काढा. बॅनर एकच करा, त्यावर साल घालू नका, म्हणजे पुढेही चालेल. आणि एखादी विद्यार्थिनी झेरॉक्सचे पैसे मागायला आली तर आधी द्या, व्हाउचर कसं लिहायचं ते तिथेच शेजारी बसून दाखवा.