झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याच्यावर मंचरच्या पावसाळ्यात एखादी वस्तू झाकून ठेवण्याचा प्रसंग आला नसावा, अशी माझी आता खात्री झाली आहे. मी माझी मूठ मृगापासून दसऱ्यापर्यंत झाकून ठेवली होती. उघडली तेव्हा कुबट वासाखेरीज तिच्यातून काही निघाले नाही.

ही मूठ म्हणजे आमची गाडी. सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आमच्या घरी त्याचे वारे शिरले. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि पत्नीला तर प्रवासाचे वेडच होते. एक जुनी व्हॅन घेऊन आम्ही तिच्यात दोन बाके, रात्री पलंग होणारी एक फळी, शेगडी आणि भांड्यांचे कपाट बसवून घेतले. दोन हिवाळे त्या फिरत्या घरातून हिंडलो. मुक्काम कोठे पडला, विहिरीचे पाणी कसे होते, चहा कोणी पाजला, हे सारे ती एका वहीत टिपून ठेवी. तिसरा हिवाळा यावयाच्या आतच ती गेली.

पुढच्या वर्षी पावसाळा तोंडावर आला, तेव्हा गाडीचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. ती विकवेना आणि तिच्यात बसवेना. एक दुपार खर्च करून मी तिच्या काचा घट्ट लावल्या, छतातला झरोका चिकटपट्टीने बंद केला, गाद्या, पत्नीची शाल आणि ती वही जेथल्या तेथेच राहू दिली, आणि वरून प्लॅस्टिकची जाड ताडपत्री पार जमिनीपर्यंत ओढून दोरीने आवळली. बाहेरचे पाणी थेंबभरही आत जाऊ नये याची मी इतकी काळजी घेतली, की पाणी आधीपासून आतच असू शकते, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

दसऱ्याला पूजेसाठी दार उघडले. छताच्या पत्र्याला आतून घाम सुटला होता. गाद्यांच्या पालथ्या बाजूवर काळे-हिरवे ठिपके उमटले होते, बाकाची फळी फुगली होती आणि शालीवर बुरशीची पांढरी साय धरली होती. गंमत अशी, की छत कोठेही गळत नव्हते.

शेजारच्या शेतातल्या मावशी हातात झेंडूची फुले घेऊन आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिले, ताडपत्रीला हात लावला आणि म्हणाल्या, “सर, आसा कांदा बांधून ठेवला आसता, तर दिवाळीला काय हाती लागलं आसतं? निस्तं पाणी!”

त्यांची कांद्याची बराख माझ्या अंगणातून रोज दिसते. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाड्या पाहण्यात माझे आयुष्य गेले. परंतु बराखीकडे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. उन्हाळ्यात काढलेला कांदा आधी पुरता सुकवतात आणि मगच आत भरतात. बराखीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजू जाळीच्या, कांद्याची रास सुमारे ४ फुटांची, म्हणजे वारा आरपार जाईल इतपत अरुंद. छप्पर मात्र पक्के आणि दोन्ही अंगांनी भरपूर बाहेर आलेले. पाऊस अडवावयाचा, वारा अडवावयाचा नाही, एवढेच त्यामागचे सूत्र!

मी मात्र दोन्ही अडवले होते. भीमाशंकरच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईतो पुष्कळ हलका होतो. पण ढग दिवसच्या दिवस हलत नाहीत आणि हवा ओलीच राहते. ३० अंश उष्णतेची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ पोटात बाळगू शकते. तीच २० अंशांपर्यंत निवली, की जेमतेम १७ ग्रॅम. उरलेली वाफ जाणार कोठे? जो पत्रा सर्वांत आधी थंड होतो, त्याच्यावर ती दंव होऊन बसते. गाद्यांतली ओल, लाकडातली ओल आणि ताडपत्रीखाली कोंडलेल्या जमिनीतून उठणारी ओल दिवसा हवेत मिसळत होती. रात्री तीच पत्र्यावरून पुन्हा गाद्यांवर ठिबकत होती. चार महिने हेच रहाटगाडगे चालले होते.

त्या आश्विनात मी सारे सामान बाहेर काढले. आमच्या आज्या लुगड्यांना, पुस्तकांना वर्षातून एकदा ‘ऊन दाखवत’. तसे गाद्यांना चार दिवस ऊन दाखवले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ताडपत्री टाकून दिली आणि गाडीवर हातभर अंतर सोडून पत्र्याचे छप्पर घातले. काचा दोन बोटे खाली ठेवून त्यांना जाळी लावली. झरोका उघडला, कपाटांची दारे उघडी टाकली, गाद्या आडव्या न ठेवता उभ्या केल्या. उघडीप मिळाली, की दोन्ही दारे तासभर सताड उघडावयाची, हा नेम धरला. कोणी सुचवले म्हणून एका खोल भांड्यात कळीचा चुनाही ठेवून पाहिला. तो ओल शोषतो खरा. पण शोषता शोषता फुगतो आणि तापतो, म्हणून भांडे अर्धेच भरावे लागते. शिवाय चुना हे औषध झाले. आहार वाऱ्याचाच हवा.

शाल धुतली, डाग राहिला. वहीचे काम अवघड होते. पाने एकमेकांना चिकटली होती आणि ती उन्हात टाकली असती, तर तडकली असती. सावलीत बसून एकेक पान सुरीच्या पात्याने सोडवावे लागले, आणि सोडवलेले पान न वाचता पुढे जाणे काही मला साधले नाही. वर्षभर ती वही मी उघडली नव्हती. नाशकाहून मुलीचा फोन येई, ती विचारी, “बाबा, कसे आहात?” आणि मी म्हणे, “ठीक आहे.” दोघेही आईचे नाव टाळत असू. त्या संध्याकाळी मात्र मीच फोन केला आणि एक पान वाचून दाखवले. मी मीठ समजून चहात खाण्याचा सोडा टाकला होता, आणि तो चहा तिने एका पाहुण्याला बिनबोभाट पाजला होता, त्याची ती हकीकत. चहात मीठ तरी कशाला, हे तिने पुढे कंसात विचारले होते. मुलगी खळखळून हसली. मग पलीकडे बराच वेळ शांत झाले आणि तिचे रडणे मला ऐकू आले. मीही ते थांबवले नाही.

यंदाचा पावसाळा नीट पार पडला. वहीतली काही पाने कायमची गेली. शाई पसरून अक्षरांचे निळे ढग झाले आहेत. उरलेली पाने दर रविवारी आम्ही फोनवर वाचतो. गाडीच्या काचा आज कोरड्या हवेतही दोन बोटे खालीच आहेत. मावशी जाता-येता विचारतात, “सर, काच लावायची राहिली का?” मी सांगतो, “नाही मावशी, मुद्दामच ठेवली आहे.”