पाचशे एक आणि शंभर

जामसांवलीला मी गेलो तो काही अभ्यासासाठी नव्हे. माझी मावसबहीण नागपूरला दिलेली. तिच्या सासरच्यांना मारुतीचा नवस फेडायचा होता, म्हणून आम्हीही गाडीत बसलो. हा मुलूख मध्य प्रदेशात, पण दुकानदार आपल्याशी मराठीत बोलतो, अध्येमध्ये हिंदी पेरतो. आम्हा गोंयकारांना दोन भाषा एका वाक्यात कालवायची सवयच, त्यामुळे परके वाटले नाही. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच वर्षी इथे 'हनुमान लोक' प्रकल्पाचे भूमिपूजनही झाले.

पिंपळाखाली मारुती चक्क आडवा पहुडलेला. तिकीट नाही, फी नाही. मी पेटीत पाचशे एक रुपये टाकले. कोणी मागितले नव्हते.

आदल्या दिवशी आम्ही पेंचच्या जंगलात गेलो होतो. वाघ दिसला नाही. चितळ, रानगवे आणि एक मोर दिसला. परतताना गाईडला शंभराची नोट द्यायला मी दोनदा विचार केला. जिप्सीचे भाडे तर मला लूटच वाटली होती. रात्री डायरीत खर्च लिहिताना (कारकुनाची खोड, दुसरे काय) हे दोन आकडे एकाखाली एक आले आणि मी पेन खाली ठेवले.

कारण घरी भावजी वाट पाहत होते. ताईचे घर सत्तरीत, काजूची बागायत म्हादई अभयारण्याच्या हद्दीत. १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या काळात हे अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले. मग २०२३ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून भावजींचा एकच प्रश्न : "वाघ बघायला येणारा माणूस आम्हाला देणार किती?"

अर्थशास्त्रात हाच प्रश्न जुना आहे. हॅरॉल्ड होटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या उद्यान खात्याला सुचवले की माणूस किती लांबून, किती खर्च करून येतो ते मोजा, त्यावरून जागेचे मोल कळेल. दुसरी रीत सरळ विचारायची : जंगल राखायला तुम्ही किती द्याल? विचारले की माणूस उदार होतो. माझ्यासारखा तर फारच. त्यामुळे मला पहिली रीत पटते. मात्र तिच्यातही एक गोम आहे. माझ्या प्रवासाचा बहुतेक पैसा विमानाला, हॉटेलला आणि पेट्रोलला गेला, जंगलाच्या फाटकावर त्यातला थोडकाच पोचला. भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ साली सहा व्याघ्र प्रकल्पांचे वार्षिक लाभ मोजले. एकेकाचे सुमारे ८३० ते १७६० कोटी रुपये भरले. पण त्यात पाणी, हवा, माती यांचे मोल मोठे, आणि पाण्याचे पैसे फाटकावर कोणी भरत नाही.

मी स्वतः सरकारी चलने घेणारा माणूस. खजिन्यात गेलेला रुपया ज्या गावातून आला त्या गावात परत जाताना मी क्वचितच पाहिला आहे. व्याघ्र प्रकल्पाला निदान एक सोय आहे : २००६ च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार प्रतिष्ठान काढता येते, आणि प्रवेश फीसारखी रक्कम तिथेच ठेवून खर्च करता येते. पण पेंचसारखी मोकळी कुरणे आमच्याकडे कुठे? म्हादईच्या दाट रानात वाघ दिसणे म्हणजे लॉटरी. त्यात पावसाळ्यात, जेव्हा आमचे धबधबे खरे बघण्यासारखे असतात, तेव्हा बुडण्याच्या भीतीने प्रवेशबंदी होते. २०२३ च्या जुलैत झालीच होती.

हे सगळे मी भावजींना फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मारुतीला किती घातलेस?"

"पाचशे एक."

"आणि त्या गाईडला?"

"शंभर."

"त्याचे घर जंगलातच असेल ना रे?" भावजी म्हणाले. मग यंदा काजूला दर काय मिळेल, हे बोलू लागले.