पिशवीचा प्रश्न हजेरीपत्रकावर सुटेल

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीची. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ते आवश्यकच होतं. पण त्याने डॉक्टरांच्या हाताला लगाम बसला. बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत का पोचते, या प्रश्नाला त्याने हात घातला नाही. माझ्या मते त्याचं उत्तर मजुरीच्या हिशोबात आहे.

मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशोब नवऱ्याच्या नावावर. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री लागली तर रात्रीच भरायची. फडात आडोसा नाही, कोपीला न्हाणी नाही, पाळीचं कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, पण एक दिवस बसलं तर खाडा पडतो आणि पाचशे रुपयांच्या आसपास दंड जोडीच्या उचलीवर चढतो. अशा वेळी डॉक्टरने ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हटलं की पिशवी काढणं घराला परवडणारं वाटतं. त्याची खरी किंमत पुढे कळते. बीजकोशही काढले गेले असतील तर रजोनिवृत्ती एकाएकी येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि मोळी तर पुढच्या हंगामातही उचलायचीच असते.

बायकांनी स्वतःच सह्या केल्या, असं सांगितलं जातं. केल्याच. पण आजारपणाची रजा, साधं औषध आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत यांतलं काहीही समोर नसताना दिलेल्या संमतीला मी निवड मानत नाही. म्हणून पहिली सुधारणा कोयता मोडण्याची हवी: प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंदणी, मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात, खाड्याचा दंड बंद, आणि पाळीच्या व आजारपणाच्या दिवसांची भरपाई. यामुळे घरात भांडणं लागतील, ही भीती खोटी नाही. मात्र आज ती न पाहिलेली उचल स्वतःच्या अंगमेहनतीने फेडते, हे त्या भांडणापेक्षा मला जास्त गंभीर वाटतं.

कारखान्यांचं म्हणणं असतं की मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत. महाराष्ट्राने हा पेच १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवून दाखवला आहे. हमालालाही एक ठरलेला मालक नव्हता. त्या कायद्याखालच्या मंडळाने हमाल आणि मालक दोघांची नोंद केली, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळातून वाटली. ऊसतोडीसाठीही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, उसाच्या टनामागे कारखान्याने १० रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचं ठरलं आहे. त्या पैशातून मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहावीतच, पण आधी बाईचं नाव हजेरीला लागायला हवं. उदाहरणार्थ, कायद्यातल्या प्रसूती लाभाला ८० दिवसांच्या कामाची अट आहे. हंगाम काही महिन्यांचा, त्यामुळे ती अट ऊसतोड बाई सहसा पुरी करते. फक्त ते दिवस कोणाच्याही वहीत तिच्या नावावर पडलेले नसतात.