नावापुरती सही

मराठीतल्या काही शब्दांचा मला अलीकडे धाक वाटू लागला आहे. शिव्यांचा नव्हे, शिवी बिचारी आपला हेतू लपवीत नाही. मला भय वाटते ते ‘नावापुरते’, ‘तात्पुरते’ आणि ‘आपल्यातच’ या गोड शब्दांचे. व्याकरणाच्या तासाला ते किती गरीब दिसतात! पण एखाद्या कागदाशेजारी येऊन बसले की ते माणसाचे घर खातात.

ठाण्याहून भिवंडीकडे निघालात की खाडीवरचा पूल ओलांडताच आमची कशेळी लागते. एकीकडे गोदामे, दुसरीकडे नव्या इमारती. ठाण्यात जागा परवडत नाही म्हणून कितीतरी बिऱ्हाडे पुलाच्या या अंगाला आली, आणि त्यांच्या पाठोपाठ बँकेचे हप्तेही आले. मी कॉलेजात मराठी शिकवतो हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे. पण माझ्याकडे कुणी कविता समजून घ्यायला येत नाही. येतात ते कागद वाचून घ्यायला.

गेल्या पावसाळ्यात असेच एक गृहस्थ रात्री दहाच्या सुमारास सपत्नीक आले. गोदामातली हिशेबनिसाची नोकरी सुटून त्यांना आठ महिने झाले होते. हातात दोन कागद. एक बँकेची नोटीस, दुसरा एका मध्यस्थाने दिलेला मसुदा.

बँकेचे मराठी म्हणजे दगडधोंडे! तरी त्या दगडांत तारखा होत्या. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या कायद्याखाली, ज्याला लोक ‘सरफेसी’ म्हणतात, बँक नोटीस देते. पण त्या नोटिशीने दुसऱ्या दिवशी कुलूप लागत नाही. पैसे भरावयास साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते, आणि ती अमान्य असेल तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह तसे कळवावे लागते. पुढे बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचललेच, तर पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. एवढे सगळे त्या रुक्ष कागदाच्या पोटात असते. घाबरलेला माणूस मात्र पहिल्या ओळीपाशीच थांबतो.

मध्यस्थाची भाषा याच्या अगदी उलट, लोण्यासारखी. “लिलाव थांबवून देतो. बँकेत पाऊल टाकू नका, तुमचे काम बिघडेल. पन्नास हजार आधी द्या. आमचा एक माणूस सगळे कर्ज फेडील. घर दोन वर्षे नावापुरते त्याच्याकडे राहील, मग तुमचे तुम्हाला परत.” त्याच्या मसुद्यावर मथळा होता ‘खरेदीखत’. सोबत कुलमुखत्यारपत्र, आणि चार कोऱ्या धनादेशांची मागणी. घर परत देण्याविषयी मसुद्यात एक अक्षर नव्हते.

“ते तोंडी ठरलंय, सर,” गृहस्थ म्हणाले.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्यात १९२९ साली एका वाक्याची भर पडली: घर परत करण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तऐवजात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानता येणार नाही. म्हणजे जिभेवर गहाण आणि कागदावर विक्री असेल, तर कागदच जिंकायचा. हे दुखणे जुनेच आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले ते काय थंडी वाजत होती म्हणून? त्यानंतर १८७९ साली आलेल्या कायद्याने कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याची मुभा कोर्टांना दिली. तो कायदा आज उरला नाही. पण रोखा बदलून, मोटारीत बसून येणारा सावकार उरला आहे.

मला विचाराल तर या धंद्याचे खरे भांडवल पैसा नाही. ते आहे आपली लाज. हप्ता थकला की मध्यमवर्गीय माणूस बँकेच्या रस्त्याने जायचे टाळतो, भावाला सांगत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. या एकांतात जो पहिला ‘काळजी करू नका’ म्हणतो तो देवदूत वाटतो. वास्तविक मुदत वाढवून हप्ता कमी होईल का, हे बँकेला विचारायला दलाली लागत नाही. बँकेविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलाचे साहाय्य मोफत मिळू शकते, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे ऐकताच इतका वेळ गप्प असलेल्या बाई म्हणाल्या, “मग उद्या मी जाते.”

त्या गेल्या. घर मात्र वाचले नाही, हे सांगितलेच पाहिजे. नोकरी नसताना वाढलेली मुदतही झेपणारी नव्हती. बँकेची लेखी संमती घेऊन त्यांनी ते स्वतःच, उजेडात, चार गिऱ्हाइकांना दाखवून विकले. कर्ज फिटले, आणि काही रक्कम हाती उरली. आता ते शेजारच्या काल्हेरला भाड्याने राहतात. गृहस्थांना पुन्हा नोकरी लागली आहे. परवा बसथांब्यावर भेटले तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढला, म्हणाले, “भाडेकरार आहे सर, सही करायच्या आधी जरा वाचता?”